आमदार-खासदारांचं इतिवृत्त

(मूर्तिजापूर येथे झालेल्या वार्षिक मेळाव्यातील भाषण. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतून आलेल्या समूहांच्या सख्यांसमोर ते झाले. बोलण्यातले शब्द शक्य तिथे तसेच ठेवले आहेत.)

मागे उभ्या असलेल्या पोरींनो, समोर या, सतरंजीवर जागा आहे.

मला दिलेला विषय आहे ‘मतदार म्हणून महिलांची जबाबदारी’. या विषयावर तुम्ही आजवर पुष्कळ भाषणं ऐकली. मतदान करा, पैसे घेऊ नका, शाई लावून फोटो काढा. तुम्ही मतदान करता, ते मला माहीत आहे. आपल्या गावात सकाळी सातला बायांची रांग लागते, मग वावरात जातात. म्हणून मी मतदानाच्या दिवसाबद्दल बोलणारच नाही. शाई पुसली जाते त्यानंतरच्या पाच वर्षांबद्दल बोलते. आपण ज्याला मुंबईला, दिल्लीला पाठवलं, तो तिथं आपल्या नावानं ‘होय’ म्हणतो की ‘नाही’, हे आपल्याला कळतं का, आणि तो स्वतः येऊन सांगतो का?

आधी आपल्या घरचं बघू. समूहाच्या इतिवृत्त वहीत आपण काय लिहितो? तारीख, हजर किती, गैरहजर कोण, कोणाला दंड लागला. मग ठराव. अमक्या ताईला शेळीसाठी दहा हजार कर्ज द्यावं. सूचक कोण, अनुमोदक कोण, खाली सगळ्यांच्या सह्या, जिला सही येत नाही तिचा अंगठा. पुढं हप्ता थकला की आपण वही उघडतो आणि म्हणतो, “मांडलं कोणं होतं हे? सही कोणाची हाय?” दहा हजारासाठी आपण इतका कागद ठेवतो. दशसूत्रीत लेखे अद्ययावत ठेवा असं आपल्याला शिकवलं आणि आपण ते खरंच पाळतो.

आता विधानसभेत या. २८८ आमदार. सभा चालायला किमान किती हजर पाहिजेत? एक दशांश, म्हणजे २९. आपल्या समूहात दहापैकी एकच बाई आली तर आपण सभा घेतो का? (हशा) आणि कायदा मंजूर कसा होतो ते ऐका. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, विरोधात असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. दोन्हीकडून आवाज होतो. अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि जाहीर करतात, ‘होय’चं बहुमत. झालं मंजूर. याला आवाजी मतदान म्हणतात. कोण ‘होय’ म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी चहा प्यायला बाहेर होतं, याची नावानिशी नोंद होत नाही. बहुतेक कायदे, आणि राज्याच्या हजारो कोटींच्या पुरवणी मागण्यासुद्धा, अशाच मंजूर होतात. आपल्या खात्यात ‘लाडकी बहीण’चे दीड हजार येतात, त्यासाठीसुद्धा सभागृहाने पैशाची मागणी मंजूर करावी लागते. त्या दिवशी तुमचा आमदार सभागृहात होता का? कोणालाच सांगता येणार नाही. बॅनरवर मात्र सगळ्यांचे फोटो आहेत.

यात कोण्या एका पक्षाचं नाव घेऊन मोकळं होता येत नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला राज्यात नव्या फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधक मतविभागणी मागत राहिले. दिल्लीत काँग्रेस आघाडीचं सरकार असताना, १८ फेब्रुवारी २०१४ ला, तेलंगण राज्य करण्याचं विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने झालं, आणि त्या वेळी टीव्हीवरचं थेट प्रक्षेपणही बंद होतं. विदर्भातल्या माणसाला वेगळ्या राज्याचा विषय काही परका नाही, पण एक नवीन राज्य झालं आणि त्याला कोणत्या खासदाराने ‘होय’ म्हटलं त्याची यादी नाही. २० सप्टेंबर २०२० ला शेतीचे कायदे राज्यसभेत गोंधळात असेच झाले. पुढं त्या कायद्यांसाठी वर्षभर आंदोलन झालं, कायदे मागे घेतले गेले. आपल्या कपाशी-सोयाबीनच्या घरांचा संबंध होता त्यात. ज्याला हे कायदे चांगले वाटत होते त्यालाही, आणि ज्याला वाईट वाटत होते त्यालाही, आपल्या माणसाने काय केलं ते दाखवायला कागद नाही.

कागद होतो कधी? मतविभागणी झाली तर. ३० नोव्हेंबर २०१९ ला ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. शिरगणती झाली, १६९ आमदार बाजूने, चार तटस्थ, आणि भाजपने सभात्याग केला. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या वेळी १६४ बाजूने आणि ९९ विरोधात. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ते टीव्हीवर पाहिलं असेल, एकेक आमदार उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता. म्हणजे खुर्ची कोणाची हे ठरवायचं असलं की मोजणी नीट होते. कायद्याची वेळ आली की कानावर भागतं. मी टोमणा मारत नाही, जसं आहे तसं सांगते.

एका मताला वजन किती असतं तेही सांगून ठेवते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. त्या लोकसभेत आपल्या अमरावतीहून रा. सू. गवई आणि अकोल्याहून प्रकाश आंबेडकर निवडून गेलेले होते. देशाचं सरकार राहतं की जातं, हे ठरवणाऱ्या सभागृहात आपल्या दोन जिल्ह्यांची दोन मतं होती.

इंग्लंडच्या संसदेत मतविभागणी झाली की खासदार दोनपैकी एका दाराने जातात, ‘होय’चं एक आणि ‘नाही’चं एक. कोण कोणत्या दाराने गेला त्याची नावं छापून येतात. गावातला साधा माणूस पत्र लिहून विचारू शकतो की साहेब, तुम्ही त्या दाराने काहून गेले?

आता आपल्या बायांच्या कामाचं. महिला आरक्षणाचं विधेयक. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांना. हे आकडे आपल्याला इतके पक्के माहीत आहेत, कारण ही घटनादुरुस्ती होती. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, त्यामुळे मोजल्याशिवाय भागत नाही. त्या दिवशी चिठ्ठ्या वाटून मतदान झालं.

विरोधातली दोन मतं कोणाची? एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी आणि दुसरे आपल्या मराठवाड्यातले, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांनी कारणही उघड सांगितलं, की ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी यात वेगळा वाटा नाही. तुम्हाला ते पटो न पटो. मला त्या विधेयकाला विरोध करणं पटलं नाही, पण कारण सांगितलेलं मला आवडलं. औरंगाबादच्या बाईला माहीत आहे तिच्या खासदाराने काय केलं आणि कशासाठी केलं, पुढच्या वेळी मत द्यायचं की नाही ते ती ठरवू शकते. बाकी ४५४ जणांपैकी किती जण आपल्या मतदारसंघात येऊन म्हणाले, “ताईंनो, मी बाजूने मत दिलं, पण हे आरक्षण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर मिळणार आहे, तेव्हा इतक्यात पेढे वाटू नका”? कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. पण सप्टेंबरात आपल्याकडे फटाके फुटले, मिरवणुका निघाल्या, आणि वर्षभराने विधानसभेची निवडणूक आली तेव्हा कितीतरी जणी विचारत होत्या, आपल्या राखीव जागा कोठं गेल्या? २०२४ च्या त्या निवडणुकीत २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. एक तृतीयांश म्हणजे ९६ होतात.

असंच ‘शक्ती’ कायद्याचं. महिलांवरच्या अत्याचाराला कडक शिक्षा देणारं हे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधानसभेत आणि विधान परिषदेत एकमताने मंजूर झालं. सत्ताधारी, विरोधक सगळे बाजूने. तेव्हा आपण समूहाच्या बैठकीत टाळ्या वाजवल्या. पण ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेलं आणि अंमलात आलं नाही. मंजूर झालं तेव्हा संदेश आले, अडकलं तेव्हा कोणाचाच संदेश आला नाही. गावात आजही एखादी बाई म्हणते, “शक्ती कायदा हाय ना आता,” आणि तिला सांगावं लागतं, की नाही वो माय, तो लागूच झाला नाही.

मत नोंदवलं गेलं तरी त्याचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, पक्षादेश. त्याला ‘व्हिप’ म्हणतात. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षाने व्हिप काढला आणि आमदाराने त्याविरुद्ध मत दिलं किंवा पक्षाला न विचारता तो गैरहजर राहिला, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. म्हणून तुमच्या आमदाराला मनातून एखादी गोष्ट चुकीची वाटली तरी तो बहुतेक वेळा पक्षासोबतच जाईल. ज्याला पक्ष नाही त्याच्यावर व्हिप नाही. २०१९ ला अमरावतीतून नवनीत राणा अपक्ष निवडून आल्या, बडनेऱ्यातून रवी राणाही अपक्ष म्हणून निवडून गेलेले आहेत. अपक्षाला ‘पक्षाने सांगितलं म्हणून’ हे उत्तर देता येत नाही. पक्षाच्या माणसाला मतदानात हात बांधलेले असतात, पण तोंड बांधलेलं नसतं. चर्चेत बोलता येतं, प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते. त्याला कोणताच व्हिप अडवत नाही.

त्यातही आपल्या रोजच्या जगण्यातले कितीतरी निर्णय मतदानाला येतच नाहीत. आपल्या भागातलं उदाहरण घ्या. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, आणि घागर कोणाच्या डोक्यावर असते ते मी काय सांगू. अकोला जिल्ह्यात बाळापूर भागातल्या ६९ गावांना वान धरणातून पाणी आणायची योजना मंजूर झाली होती. सरकार बदललं आणि तिला स्थगिती मिळाली. स्थगिती द्यायला विधानसभेत मतदान लागत नाही, मंत्रालयातून आदेश निघतो. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख एप्रिल २०२३ मध्ये ते खारं पाणी घेऊन अकोल्याहून पायी नागपूरला निघाले, नागपूरजवळ पोलिसांनी अडवलं. सगळ्या चॅनेलवर बातमी होती. आता दुसरी बाजू ऐका. वान धरण तेल्हारा तालुक्यात, वारी भैरवगडला आहे. तिथले शेतकरी म्हणाले, हे पाणी आमच्या ओलिताचं आहे, ते बाहेर गेलं तर आमचा हरभरा-गहू कशावर? त्यांनीही आंदोलन केलं. एका जिल्ह्यातल्या दोन भागांच्या बाया, एकीला प्यायला पाणी पाहिजे, दुसरीला वावराला. खोटी कोणीच नाही.

अशा ठिकाणी ‘मत कोठं दिलं’ हे विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते हे, की अधिवेशनात किती वेळा विषय काढला, मंत्र्याने लेखी काय उत्तर दिलं, आणि दोन तालुक्यांनी एकत्र बसावं म्हणून तुम्ही काय केलं? पायी जाण्याने बातमी होते आणि कधी कधी बातमीचीही गरज असते, मी नाही म्हणत नाही. पण टिकतो तो मंत्र्याच्या लेखी उत्तराचा कागद, कारण पुढच्या अधिवेशनात तोच त्याच्यापुढे धरता येतो.

त्या कागदाची गंमत सांगते. आमच्याकडचा प्रसंग आहे, गावाचं आणि कोणाचंच नाव घेत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमदार आले होते. वाण वाटून झालं, भाषण झालं, “तुमच्या पाण्यासाठी मी सभागृहात खूप भांडलो.” आमच्यातल्या एक साठीच्या काकू उठल्या आणि अगदी साधेपणानं म्हणाल्या, “भाऊ, कोणत्या तारखेले?”

सगळ्या हसल्या. आमदारही हसले. माणूस वाईट नव्हता, म्हणाले, “काकू, पीएला सांगतो, कागद पाठवतो.” पण मंडपाबाहेर पडताना एक कार्यकर्ता काकूंच्या मुलाला म्हणाला, “आईले समजावून सांग, घरकुलाचा हप्ता बाकी हाय ना तुमचा?” बस, एवढंच. पुढचे पंधरा दिवस त्या काकूंना झोप नाही. हप्ता वेळेवर आला, कोणी काही अडवलं नाही. पण तोवर सून बोलली, मुलगा बोलला, शेजारीण बोलली, “काय गरज होती तुले?” आपण बाया विचारत नाही त्याचं कारण हे आहे. आपल्याला समज कमी आहे असं काही नाही. घरकुल, रेशन, निराधारचे पैसे, पोराचा दाखला, दर ठिकाणी आपलं काहीतरी अडकलेलं असतं.

म्हणून ग्रामसंघाने काय केलं ते ऐका. त्यांनी पुढच्या बैठकीत ठराव घेतला. सूचक, अनुमोदक, ३८ सह्या. ‘आपण सभागृहात विचारलेल्या प्रश्नाची आणि उत्तराची प्रत मिळावी.’ आता ती मागणी एकट्या काकूंची राहिली नाही. घरकुल एकीचं अडवता येतं, ३८ जणींचं कसं अडवणार? तीन आठवड्यांनी कागद आला. खरंच आला.

तो वाचायला आम्ही सगळ्या बसलो. विधिमंडळाच्या प्रश्नाची एक ठरलेली भाषा असते. ‘अमुक गावांना क्षारयुक्त पाणी मिळत असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आणि मंत्र्याचं उत्तर, ‘हे अंशतः खरे आहे.’ काकू म्हणाल्या, “पाणी अर्धंच खारं हाय म्हणते काय?” (हशा) शेवटच्या मुद्द्यापुढे लिहिलं होतं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ आमच्या सीआरपी ताईंनी समजावून सांगितलं, की वरच्या मुद्द्यात शासनाने ‘कार्यवाही सुरू आहे’ असं म्हटलं, त्यामुळे विलंब झाला असं ते मानतच नाहीत, म्हणून कारण सांगायचा प्रश्न येत नाही. आणखी एक, त्या प्रश्नावर आमच्या आमदारांच्या नावासोबत दुसऱ्या आमदारांची नावंही होती, भली लांबलचक यादी. एका प्रश्नावर असं पुष्कळ जणांचं नाव लागतं. म्हणून नुसतं ‘माझं नाव आहे बघा’ एवढ्यावर जाऊ नका. उत्तर आल्यावर उठून उपप्रश्न कोणी विचारला ते महत्त्वाचं. ते सभागृहाच्या कार्यवाहीत, म्हणजे त्यांच्या इतिवृत्तात, शब्दाशब्दाने लिहिलेलं असतं.

हो, त्यांचं पण इतिवृत्त असतं! बोललेला प्रत्येक शब्द लिहिला जातो. आवाजी मतदानात नावं नसतात, पण चर्चेत बोलणाऱ्याचं नाव असतं. अधिवेशनाची कार्यवाही, तारांकित प्रश्नांच्या याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. खासदारांचं तर आणखी सोपं आहे. लोकसभेत किती दिवस हजर, किती प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत बोलले, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतं, आणि पीआरएस नावाची दिल्लीची संस्था दर खासदाराचा हिशोब एका पानावर मांडते. आज अमरावतीचे खासदार बळवंत वानखडे आणि अकोल्याचे अनुप धोत्रे आहेत. तुमच्या घरात बारावी झालेली पोट्टी आहे ना, मोबाईल सारखा हातात असतो म्हणून तिला आपण रागावतो ना, तिला हे काम द्या. दहा मिनिटांत काढते.

फक्त आकडा पाहून कोणाला नावं ठेवू नका. मंत्री असलेल्या खासदाराची हजेरी नोंदवली जात नाही आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देतात. अकोल्याचे संजय धोत्रे २०१९ ते २०२१ केंद्रात राज्यमंत्री होते. त्या काळातला त्यांचा प्रश्नांचा रकाना रिकामा दिसला तर ते निजले होते असा अर्थ होत नाही. उलट कोणाचे प्रश्न शेकड्याने असतील तर त्यातले आपल्या जिल्ह्याचे किती ते पाहा. समूहात नाही का, एखादी बाई दर बैठकीला हजर असते पण हप्ता कधी भरत नाही.

बॅनर आणि कार्यअहवालाबद्दल थोडं बोलते. आमदारांचा गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल येतो. भूमिपूजन, लोकार्पण, सभामंडप, पेव्हिंग ब्लॉक, हायमास्ट. प्रत्येक फोटोखाली ‘यांच्या निधीतून’. आमदारांना स्थानिक विकास निधी वर्षाला पाच कोटी असतो, खासदारांनाही पाच कोटी. तो त्यांच्या खिशातला नसतो, आपल्या कराचा असतो. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी कार्यालय मंजुरी देतं. कोणत्या कामाला किती गेले, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर जिल्हा नियोजन कार्यालयातून मिळतं, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाहीत. एक करून पाहा. तो कार्यअहवाल घ्या आणि पेन्सिलने निधीच्या कामांवर आडव्या रेघा मारा. उरतं काय ते पाहा. कायद्यावर बोलल्याचं, आपल्या तालुक्याच्या प्रश्नाचं, मंत्र्याच्या उत्तराचं एखादं पान उरलं तर त्या आमदाराचं कौतुक करा. खरंच करा, पत्र लिहून करा. आपण फक्त तक्रारीलाच जातो, म्हणून ते आपल्याला टाळतात.

कागद धरून बोलणारी माणसं आपल्याकडे झालेली आहेत. प्राध्यापक बी. टी. देशमुख अमरावती पदवीधर मतदारसंघातून तीस वर्षं विधान परिषदेत होते. प्राध्यापकांच्या संघटनेतला माणूस. विदर्भाच्या सिंचनाच्या अनुशेषावर, म्हणजे आपल्या वाट्याचं जे ओलीत व्हायला पाहिजे होतं आणि झालं नाही त्यावर, आकडे, आदेश, तारखा समोर ठेवून ते बोलत. २०१० च्या निवडणुकीत ते हरले, तेही लोकांनीच ठरवलं. पण अनुशेष हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवर बोलला जाऊ लागला, त्यात अशा कागदवाल्या माणसांचा मोठा हात आहे.

मघाशी जेवताना एका ताईंनी मला विचारलं, “ताई, आपला संघ तर राजकारणात नाही, मग हे काहून?” बरोबर प्रश्न आहे. आपल्या समूहात सगळ्या पक्षांच्या घरच्या बाया आहेत. एकीचा नवरा या झेंड्याचा, दुसरीचा दीर त्या झेंड्याचा. निवडणुकीत संघाने कोणाचा प्रचार केला तर संघ फुटेल, ते करायचं नाही म्हणजे नाही. पण निवडून आलेल्या माणसाला ‘तुम्ही काय केलं ते लिहून द्या’ म्हणणं, आणि तो कोणत्याही पक्षाचा असो, तोच कागद त्याच शब्दांत मागणं, याला मी राजकारण म्हणत नाही. बँकेच्या साहेबांना आपण कर्जाच्या व्याजाचा हिशोब मागतो तेव्हा आपण कोणत्या पक्षाच्या असतो? मात्र एक पथ्य. दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या आमदारांना आणि दोन्ही खासदारांना एकच पत्र जाईल. एकालाच धाडलं तर त्याला वाटेल, आपल्याला धरलं.

बायांनी ठरवलं तर मोजणी नीट करून घेता येते, हे आपण दाखवलेलं आहे. दारूचं दुकान बंद करायला गावातल्या पंचवीस टक्के बायांनी अर्ज द्यायचा, मग उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. ज्या गावांनी हे केलं तिथं प्रत्येक घरी जाऊन बाईला हाताला धरून आणलं. तिथं आवाजी मतदान असतं तर कोणाचा आवाज मोठा झाला असता ते सांगायला नको.

तर आता काम. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात असतं. मूर्तिजापूरहून, अकोल्याहून, बडनेऱ्याहून गाडीत बसलं की काही तासांत नागपूर. मुंबईपेक्षा हे सभागृह आपल्याला जवळ आहे. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी लेखी द्यावे लागतात, म्हणून आपलं पत्र दिवाळीच्या आत आमदारांच्या हातात पडलं पाहिजे. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्या. पत्रात आपल्या गावाचा एकच प्रश्न लिहा, दहा लिहाल तर एकही होणार नाही. पाण्याचा असेल तर पाण्याचा, अंगणवाडीच्या इमारतीचा असेल तर तो. सोबत विचारा, मागच्या अधिवेशनात आपण आमच्या तालुक्याबद्दल कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर काय आलं, त्याची प्रत द्या. खासदारांना विचारा, महिला आरक्षण कधीपासून लागू होणार याबद्दल आपण लोकसभेत काही विचारलं का. भाषा आदराची ठेवा. ‘माननीय’ लिहा, ‘आपली विश्वासू’ लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या.

पत्राच्या दोन प्रती करा. एक देऊन दुसरीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती इतिवृत्त वहीत चिकटवा. उत्तर आलं की बैठकीत मोठ्याने वाचा आणि तेही वहीत चिकटवा. महिन्याभरात नाही आलं तर वहीत लिहा, ‘अमुक तारखेच्या पत्राला उत्तर आले नाही’, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा लिहा. पुढच्या निवडणुकीत ते हळदीकुंकवाला येतील तेव्हा ती वही मंडपात टेबलावर असू द्या.

पत्राचा नमुना तालुक्याच्या कार्यालयात ठेवला आहे, जाताना एकेक घेऊन जा. कोणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, चहा यायला अजून वेळ आहे.